जासईच्या शाळेमागचा माणूस : कर्मवीर भाऊराव पाटील

पनवेलहून उरणकडे जाताना जासई हे गाव लागते. एके काळी गावाच्या पाठीशी डोंगर, पुढे भाताची खाचरे, त्यापलीकडे मिठागरे आणि खाडी असा या मुलखाचा थाट होता. आता रस्त्याने बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग असते, आणि जवळच चिर्ले येथे २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू येऊन टेकतो. लोकनेते दि. बा. पाटील यांचा जन्म १९२६ साली याच जासईचा. १९८४ च्या जानेवारीत भूमिपुत्रांचे जे आंदोलन झाले व ज्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्या आंदोलनामुळे गावाचे नाव महाराष्ट्रभर झाले. त्याच गावात दहागाव विभागातील मुलामुलींसाठी रयत शिक्षण संस्थेचे छत्रपती शिवाजी विद्यालय आहे. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्षाचे. पांढऱ्या दाढीच्या, खादी ल्यालेल्या, धिप्पाड बांध्याच्या एका पुरुषाची तसबीर रयतेच्या शाळांतून लावलेली असते.

ते कर्मवीर भाऊराव पाटील. जासईची मुले दर वर्षी २२ सप्टेंबरला त्यांची जयंती साजरी करतात. शिक्षणमहर्षी, बहुजनांचा उद्धारक, ज्ञानाची गंगा खेड्यापाड्यांत नेणारा भगीरथ ही विशेषणे त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. विशेषणे खोटी नाहीत, परंतु त्यांच्या आड माणूस दिसेनासा होतो. प्रस्तुत लेखात भाऊरावांनी किती शाळा काढल्या याचा हिशेब मांडावयाचा नाही. चौदा-पंधराव्या वर्षापासून विशी-बाविशीपर्यंतचा जो काळ, ज्यात पोर धड पोर राहत नाही व धड कर्ता पुरुषही होत नाही, त्या काळात मुलाला हाताशी धरणारा माणूस म्हणून भाऊराव कसे होते, एवढेच पाहावयाचे आहे. आपल्या सोसायटीसारख्या संस्था चालविणाऱ्यांना आणि पालकांना त्यातील काही उपयोगी पडेल असे वाटते.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी घराण्यात झाला. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीस, आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. मुलगा अंगाने दांडगा, पोहण्यात व कुस्तीत पुढे, आणि अभ्यासात मागे. अन्याय दिसला की हातपाय स्वस्थ राहत नसत. अस्पृश्यांना विहिरीचे पाणी भरू देत नाहीत म्हणून त्याने विहिरीचा रहाटच मोडून टाकल्याची गोष्ट त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते.

पुढे इंग्रजी शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. त्या वेळचे कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचे कोल्हापूर. खेड्यातील मूल शाळेत न येण्याचे कारण केवळ फी नसते, शहरात त्याला डोके टेकावयास जागा व दोन वेळचा घास नसतो, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. ही गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. संस्थानाचा अधिपती एका जमातीच्या बोर्डिंगचा कारभार जातीने पाहतो, हे त्या काळी काय, केव्हाही सहसा घडत नाही.

जैन बोर्डिंगात भाऊरावांचे फार दिवस निभावले नाही. कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्या समारंभास हा मुलगा गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो असा बोर्डिंगचा हुकूम झाला. त्याने साफ नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे हे विद्वान व सुधारक वृत्तीचे गृहस्थ, परंतु नियमापुढे त्यांचाही इलाज चालला नसावा. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या राजवाड्यावर ठेवून घेतले. अठरा-वीस वर्षांचा, वर्गात मागे पडणारा, वसतिगृहातून काढलेला मुलगा आणि त्याला घरात घेणारा राजा! आज अशा मुलाला घराचा दरवाजा उघडणारे किती निघतील? महाराजांनी त्याला काय शिकविले हे कोणी नोंदवून ठेवलेले नाही. परंतु तालीम केवळ पुस्तकातून मिळत नाही, कोणाच्या उंबऱ्याच्या आत आपल्याला जागा आहे यातूनही ती मिळते, हे भाऊराव तेथे शिकले असे त्यांचे पुढील आयुष्य पाहता म्हणावेसे वाटते.

राजवाड्यावर राहूनही परीक्षेत मात्र यश आले नाही. गणितात ते नापास झाले. महाराजांनी मुलाला वरच्या वर्गात घालण्याविषयी शब्द टाकला, तेव्हा राजाराम हायस्कुलातील गणिताच्या शिक्षकांनी उत्तर पाठविले की, भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक एक वेळ वर चढवता येईल, पण भाऊरावांना चढवता येणार नाही. ही हकीकत साताऱ्याकडे अजूनही हसत हसत सांगतात. मला मात्र त्यात हसण्यापेक्षा अधिक काही दिसते. राजाच्या शिफारशीला न जुमानणारा तो शिक्षक आणि पुढे शेकडो शाळा काढणारा तो नापास विद्यार्थी, दोघेही आपापल्या जागी खरे होते. भाऊरावांनी आयुष्यात कधी त्या मास्तरांविषयी कडवटपणा बाळगला नाही असे म्हणतात.

इंग्रजी सहावीच्या पुढे शिक्षण गेले नाही. ते घरी परतले. तोपर्यंत लग्नही झाले होते. पत्नी आदाक्का, सासरचे नाव लक्ष्मीबाई. आता पाहा, घरात लग्न झालेला तरुण मुलगा, परीक्षा नाही, नोकरी नाही, दोन्ही वेळा ताटावर बसावयाचे. वडिलांचे बोलणे लागले आणि भाऊराव घर सोडून साताऱ्यास आले, तेथे शिकवण्या धरल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. आपल्या गावोगावी असे तरुण आपण पाहतो. त्यांच्याविषयी बोलताना वाया गेला हा शब्द आपण किती सहज वापरतो! वयाच्या बाविशीत भाऊरावांना कोणी पाहिले असते तर हाच शब्द वापरला असता.

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप नावाचा एक अस्पृश्य समाजातील मुलगा शाळेच्या आत बसण्याची मुभा नाही म्हणून बाहेर बसून ऐकत असे. भाऊरावांनी त्याला पाहिले, उचलले, आपल्या घरी आणले आणि पुढे कोल्हापुरास मिस क्लार्क वसतिगृहात घातले. ज्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्याबद्दल स्वतःचे वसतिगृह सुटले होते, तेथेच. हे घोलप पुढे डॉ. आंबेडकरांच्या मूकनायक पत्राचे संपादक झाले आणि मुंबई कायदे कौन्सिलचे सभासदही झाले. भाऊरावांनी हाती धरलेले हे पहिले पोर. त्या वेळी संस्था नव्हती, देणगी नव्हती, ग्रँट नव्हती, ठराव नव्हता. स्वतःच्या पायांवर नीट उभे नसलेल्या एका तरुणाने दुसऱ्याला उभे केले. १९१० साली मित्रांच्या मदतीने त्यांनी दुधगाव येथे विद्यार्थी आश्रमही सुरू करून पाहिला.

१९१४ साली कोल्हापुरात सरकारी पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उपस्थित झाले. संशय लठ्ठ्यांवर घालावयाचा होता आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष हवी होती. ज्यांच्या कारकिर्दीत आपणास बोर्डिंगातून जावे लागले त्या गृहस्थांविरुद्ध चार ओळींची जबानी दिली असती तर भाऊरावांची सुटका होत होती. त्यांनी खोटी साक्ष दिली नाही. तुरुंगात हाल झाले. त्या यातनांत त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर ते सुटले. ही हकीकत मुलांना सांगताना पुष्कळदा तीतील शौर्य तेवढे सांगतात आणि खचण्याचा भाग गाळतात. तो गाळू नये. पुढे शेकडो मुलांचा आधार झालेला माणूसही सत्ताविसाव्या वर्षी इतका खचला होता, हे आजच्या खचलेल्या मुलाला कळले तर त्याला बरेच वाटेल.

सुटकेनंतर पोटापाण्यासाठी त्यांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री पत्करली. गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना नांगर पटवून द्यावयाचा. या भटकंतीत त्यांनी मुलूख पाहिला. शेतकऱ्याला कागद वाचता येत नाही, सावकाराने काय लिहिले ते कळत नाही, मुलगा हुशार असला तरी चौथीनंतर गुरांमागे जातो. नांगर विकता विकता शाळेचा विचार पक्का झाला. सत्यशोधक समाजाच्या कार्यात ते होतेच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी दसऱ्याच्या दिवशी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले, मग नेर्ले अशा ठिकाणी लहान वसतिगृहे निघाली. मध्यंतरी साताऱ्यातील एका कारखान्याच्या उभारणीत त्यांनी नफ्यातील वाटा शिक्षणास मिळेल या आशेने कष्ट उपसले, परंतु ती आशा फळास आली नाही. तो भाग सोडून देऊ. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि भाऊरावांच्या आयुष्यातील खरे काम सुरू झाले.

ते काम म्हणजे साताऱ्याचे बोर्डिंग. प्रथम घरातच, पुढे धनिणीच्या बागेत. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी, जे मूल दारात येईल ते आत. शाहू महाराजांनी वसतिगृहे जातवार काढली होती. त्या वेळी त्याहून निराळे करणे कठीण होते. भाऊरावांनी महाराजांच्या कल्पनेतील भिंत तेवढी काढून टाकली. एक चूल, एक पंगत. आज हे वाक्य लिहिणे सोपे आहे. १९२४ साली मुलाला असल्या बोर्डिंगात पाठवावयाचे तर बापाला गावात भावकीचे बोल ऐकावे लागत. मुसलमान बापालाही आपल्या मुलाच्या खाण्यापिण्याची व दीनाची काळजी वाटली असेलच. तरी त्यांनी मुले पाठविली, कारण त्यांनी भाऊरावांना पाहिले होते. संस्थेवर कोणी मूल सोपवीत नाही, माणसावर सोपवितात.

मुले भाऊरावांना अण्णा म्हणत आणि लक्ष्मीबाईंना वहिनी. लक्ष्मीबाई खाऊनपिऊन सुखी घरातील, सोवळेओवळे पाळणाऱ्या. नवऱ्याने आणलेली निरनिराळ्या जातींची पोरे घरात वावरू लागली तेव्हा प्रथम त्यांना ते जड गेले. नंतर त्याच त्या पोरांच्या आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपले की वहिनींच्या अंगावरचा एकेक दागिना बाजारात जाई. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. भाऊरावांच्या नावाने पुतळे झाले, पदव्या झाल्या, ते योग्यच झाले. परंतु माझे मत विचाराल तर साताऱ्याच्या त्या बोर्डिंगचा निम्मा पाया लक्ष्मीबाईंचा आहे. पोरसवदा मुलाला रात्री ताप आला तर उठून पाहणारे कोण, यावर बोर्डिंग उभे राहते किंवा पडते.

बोर्डिंगातील दिनक्रम कष्टाचा होता. मुलांनी पहाटे उठावयाचे, पाळीपाळीने स्वयंपाक करावयाचा, झाडलोट, पाणी, धुणे स्वतः करावयाचे, शेतात व बागेत राबावयाचे. साताऱ्याच्या चार भिंतीच्या टेकडीलगत दगड फोडून, माती टाकून मुलांनी जमीन तयार केली. गावोगाव घरांतून मूठ मूठ धान्य जमा होई. कमवा आणि शिका या नावाने पुढे जी योजना सर्वत्र ओळखली गेली तिचे मूळ येथे आहे. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे १८८१ पासून गुलामीतून सुटलेल्या लोकांच्या मुलांकडून विटा भाजून घेऊन त्यांच्याच हातांनी शाळेच्या इमारती उभ्या केल्या. साताऱ्याचे काम पाहणाऱ्यांना त्याची आठवण होत असे, आणि ते सयुक्तिकही आहे.

मात्र एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. या कष्टांचा हेतू केवळ खर्च भागविणे हा नव्हता. फुकट जेवलेला मुलगा मोठेपणी मान खाली घालतो. ज्याने आपल्या भाकरीपुरते काम केले आहे तो कोणाच्या उपकाराखाली राहत नाही. गरिबाच्या मुलाला मदत करताना त्याची मान ताठ राहील अशी ती कशी करावी, हा प्रश्न प्रत्येक शिक्षण सोसायटीपुढे असतो. स्कॉलरशिप वाटपाच्या समारंभात स्टेजवर मुलाला उभे करून पाकीट देताना फोटो काढणाऱ्यांनी, त्यात आपणही आलो, क्षणभर याचा विचार करावा. अलीकडे पुष्कळ कॉलेजांतून कमवा व शिका म्हणजे ऑफिसातील फायली उचलण्याचे तासावारी मानधन एवढाच अर्थ उरला आहे असे दिसते. भाऊरावांच्या मुलांनी फोडलेल्या दगडांतून संस्थेची जमीन तयार होत होती. मुलाला ठाऊक होते की हे आपले आहे.

फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते बोर्डिंगचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात हे पाहून ते प्रसन्न झाले. पुढे हरिजन सेवक संघाकडून साहाय्यही मिळाले. १९३२ च्या पुणे कराराची स्मृती म्हणून पुण्यास युनियन बोर्डिंग हाऊस काढले.

बोर्डिंगातील मुले मोठी झाली. आता त्यांचे पुढे काय, हा प्रश्न आला. येथे अनेक चांगल्या संस्था अडखळतात. दहावीपर्यंत मुलावर जीव टाकतात, निकालाचे पेढे खातात आणि मग मुलाला रस्त्यावर सोडतात. भाऊरावांनी तसे होऊ दिले नाही. १९३५ साली साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू करून त्यांनी खेड्यांसाठी शिक्षक तयार करण्यास आरंभ केला. पुढील काही वर्षांत संस्थेने डोंगरी, आडबाजूच्या वाड्यांवर साडेपाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा काढल्या. त्या शाळांवर गेलेले मास्तर म्हणजे पुष्कळदा विशीच्या आतबाहेरची तरुण पोरे. काल ज्याला अण्णांनी हात धरून आणले, आज त्याच्यापुढे वाडीची वीस-पंचवीस मुले बसलेली. पगार तुटपुंजा, कधी तोही वेळेवर नाही. पण गाव त्याला गुरुजी म्हणू लागे, म्हाताऱ्याकोताऱ्यांची पत्रे तो वाचून दाखवी, तंट्यात त्याचे मत विचारले जाई. वीस वर्षांच्या मुलाला पोक्त करावयास याहून चांगला उपाय मला तरी ठाऊक नाही. जबाबदारी पेलेल की नाही याची परीक्षा घेत बसण्यापेक्षा भाऊराव ती खांद्यावर देत आणि पाठीशी उभे राहत.

१९४० साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे मोफत व वसतिगृहयुक्त हायस्कूल निघाले. १९४२ साली मुलींसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय आले. मुलींची सोय मुलांच्या मानाने उशिरा झाली हे खरे आहे, आणि ते सांगितले पाहिजे. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. या कॉलेजचे नाव बदलून आपले देण्याच्या अटीवर एक धनिक मोठी देणगी देण्यास तयार होता. भाऊरावांनी ती नाकारली. एक वेळ बापाचे नाव बदलीन, पण शिवछत्रपतींचे बदलणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर प्रसिद्धच आहे. या कॉलेजात खेड्यातील मुले शेतीत व गोठ्यात कामे करून पदवीधर झाली. तेथील तरुण प्राध्यापकांत एन. डी. पाटील होते, तेच पुढे अनेक वर्षे संस्थेचे चेअरमन राहिले. बोर्डिंगातील एका गरीब मुलास भाऊरावांनी शिकवीत शिकवीत विलायतेपर्यंत पोहोचविले. ते बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि अण्णांचे विस्तृत इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले. शिकलेली मुले अल्प वेतनावर आजीव सेवक म्हणून संस्थेस येऊन मिळत. संस्था वाढली ती याच मुलांच्या बळावर.

सगळे सुरळीत होते असे मात्र नाही. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली भाऊरावांनी एका भाषणात सरकारविषयी स्पष्ट बोलून दाखविले. त्याचा राग येऊन संस्थेची ग्रँट बंद झाली. शिक्षकांच्या पगाराची ओढाताण झाली, वसतिगृहे कशीबशी चालली. लोकांनी धान्य दिले, शिक्षकांनी कळ सोसली, पुढे ग्रँट परत सुरू झाली. त्याच काळात गांधीजींच्या नावे एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प त्यांनी केला. भाऊरावांचा स्वभाव तापट होता, तोंडाने फटकळ होते. त्यांच्यामागे फरपटताना सहकाऱ्यांची दमछाक होत असे. मुलांना मात्र त्या रागाचे भय वाटत नसावे, वाटले असते तर मोठी झाल्यावर ती परत आली नसती.

आता पुन्हा जासईकडे वळू. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बां.नी लढा दिला, जासई व न्हावा-शेव्याच्या मातीत रक्त सांडले, त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. मोबदल्याचा हिशेब झाला, त्याचे तंटेही झाले. परंतु एका नुकसानीचा हिशेब कोणत्याच कागदावर आला नाही. या गावांत मुलगा मोठा होई तो बापाच्या मागे खाचरात, चुलत्याबरोबर मिठागरात, मामाबरोबर होडीवर. आवणी केव्हा करावी, बांध कोठे फुटेल, भरतीचे पाणी कोठवर येईल, मजुराशी कसे बोलावे, हे सारे त्याला हाताला धरून शिकविले जात होते. शेत गेले तेव्हा ही तालीमही गेली. हाती पैसा आला किंवा आला नाही, पण अठरा वर्षांच्या मुलाने सकाळी उठून कोणाच्या मागे जावयाचे हा प्रश्न उभा राहिला. बापाला स्वतःलाच नवे जग ठाऊक नव्हते. मोटारसायकल आली, जमिनीचे दलाल आले, निवडणुकीतले भाऊ-दादा आले. मुलांना मार्ग दाखविणारे कोणी मिळाले नाही असे नाही, ते कोण मिळाले हा प्रश्न आहे.

भाऊरावांपुढचा प्रश्न वेगळा होता. त्यांना मुलाला गुरांमागून शाळेत आणावयाचे होते, येथे गुरेच राहिली नाहीत. तरी त्यांनी जे केले ते आपल्या भागातही करता येण्यासारखे आहे, मग ते जासईचे आगरी मूल असो, उरण-पनवेलचे कोकणी मुसलमान मूल असो की बंदराच्या कामासाठी परमुलखातून आलेल्या हमालाचे. दहावी-बारावीच्या निकालानंतरची चार-पाच वर्षे मुलाची नोंद ठेवावयाची. बंदरात, गोदामात, कस्टम हाऊस एजंटाच्या कचेरीत, वर्कशॉपात काम करणाऱ्या गावातील शिकलेल्या माणसाने एकेक मुलगा-मुलगी आपल्या माथी घ्यावयाची. अर्ज कसा भरावा, मुलाखतीस काय घालावे, पहिला पगार कोठे ठेवावा, वरिष्ठ ओरडला तर काय करावे, लग्नाचे बोलणे निघाले तर शिक्षण पुरे होईपर्यंत घरच्यांना कसे थांबवावे, हे विचारावयास मुलाला एक दार असावे. यास इमारत निधी लागत नाही. भाऊरावांनी घोलपांना घरी आणले तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःची नोकरीही नव्हती.

जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. गणितात अडलेला, बाकासकट वर न चढलेला विद्यार्थी डॉक्टर झाला. तोपर्यंत प्रकृती पार ढासळली होती. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी साताऱ्यास आहे. त्यांच्या हयातीत, १९५५ साली, साताऱ्यास निघालेल्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयास मौलाना आझादांचे नाव आहे. संस्थेच्या कायदा महाविद्यालयास भाऊरावांचे एक सहकारी इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव आहे. आमच्यापैकी कोणी कामानिमित्त साताऱ्यास गेलेच तर मुलांना बरोबर न्यावे, ही दोन्ही नावे त्यांना दाखवावीत. जाता जाता धनिणीच्या बागेकडेही फिरकावे. वहिनींची चूल तेथे पेटत असे.